घसरगुंडीचं शास्त्र (१२) : सिनेमा यायच्या आधी

चुंबकी ब्रेकची गोष्ट पुढच्या आठवड्यात. गेल्या लेखातली गाडी शेवटच्या वळणावर तशीच सोडून मी भलतीकडे निघालो, म्हणून ओरडा होणार हे ठाऊक आहे. पण पनवेलच्या एका वाचकांनी असा प्रश्न धाडलाय की तो बाजूला ठेववेना. खोपोलीच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’ची राइड आहे. पार्क उघडलं २०१३ साली, सिनेमा १९८७चा. ‘एवढे नवे हिट सिनेमे असताना सव्वीस वर्षांपूर्वीचा कशाला उकरून काढला? ताजा घेतला असता तर पोरं तुटून पडली असती.’

पडली असती, खरंय. पण कुठल्या सिनेमावर पडतील, हे चार-पाच वर्षं आधी सांगणार कोण? मोठी राइड कागदावरून रुळावर यायला तेवढा काळ सहज जातो. पाया, लोखंड, पाणी, वीज झाली की मग चाचण्या. माणसांच्या जागी पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्यांवर फेऱ्या काढतात. त्याच्याही आधी गाडीवर एक चौकट चढवतात. उंचापुरा माणूस हात ताणून बसला तर त्याची बोटं कुठवर पोचतील, त्या मापाची. ती सगळ्या मार्गावरून सावकाश फिरवायची आणि कुठे घासते ते बघायचं. खडकाला घासली, खडक तासा. डायनोसॉरच्या शेपटीला घासली, शेपटी मागे घ्या. सिनेमातलं दृश्य हुबेहूब हवं म्हणून अडून बसलेला कलादिग्दर्शक या चौकटीपुढे हमखास हरतो. मला ती चौकट फार आवडते. तिच्याशी हुज्जत घालता येत नाही.

सिनेमाचं मात्र उलटं. थिएटरातली त्याची खरी गर्दी काही आठवड्यांची. तेव्हा ताज्या सिनेमावर राइड हवी असेल तर तो पडद्यावर येण्याआधीच काम सुरू करायला हवं. म्हणजे तो चालणार की आपटणार हे माहीत नसताना.

‘जुरासिक पार्क’चं असंच झालं. १९९० साली मायकल क्रायटन यांची कादंबरी छापून येण्याआधीच युनिव्हर्सल स्टुडिओने तिचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी राइडचा विचार सुरू झाला. चित्रीकरण सुरू झालं १९९२च्या ऑगस्टमध्ये, सिनेमा आला १९९३च्या जूनमध्ये. एवढी आघाडी घेऊनही युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या पार्कातली राइड उघडायला १९९६चा जून उजाडला. खर्च सुमारे ११ कोटी डॉलर, असं तेव्हा छापून आलं होतं. सिनेमा ६ कोटी ३० लाखांत झाला होता!

आता २०१८पर्यंत या राइडमध्ये काय होतं ते बघा. पंचवीस माणसांची होडी. आधी संथ पाणी, दोन्ही काठांना शाकाहारी, गरीब जनावरं. मग होडी ठरलेली वाट सोडून भलत्याच पाण्यात शिरायची, अंधाऱ्या इमारतीत वर वर चढत जायची, आणि डोक्यावर टी-रेक्स जबडा उघडत असतानाच खाली सुटायची, ८४ फूट. उद्घाटनाच्या वेळी सिनेमाचे दिग्दर्शक खुद्द स्पीलबर्ग हा कडा येण्याआधीच होडीतून उतरले, असं या धंद्यात अजून चवीने सांगतात. गंमत अशी की सिनेमात होडी नाहीच. नदीतून तराफ्यावरून पळण्याचा प्रसंग कादंबरीत आहे, पडद्यावर तो गळला. राइडवाल्यांनी सिनेमाची गोष्ट सांगायचा प्रयत्नच केला नाही. जागा घेतली, जनावरं घेतली, ‘आता काहीतरी बिघडणार’ ही धाकधूक घेतली. सिनेमातला ग्रँट कोण, हॅमंड कोण, हे माहीत नसलेल्या माणसालाही होडी खाली सुटताना किंचाळायला काहीच अडचण येत नसे.

माझं म्हणणं एवढंच, की आराखडा करताना सिनेमा पडणार असंच धरून चालावं. पडला तरी राइड उभी राहील का? नायकाचा चेहरा आणि गाजलेला संवाद काढून घेतला तर मागे काय उरतं? काहीच उरत नसेल तर तो पैसा जाहिरातीवर घालवलेला बरा.

या परीक्षेला प्रत्यक्ष बसलेला एक विद्यार्थी आहे, ‘वॉटरवर्ल्ड’. तो राइड नव्हे, स्टंट शो आहे, पण मुद्दा तोच. केव्हिन कॉस्टनरचा हा सिनेमा १९९५च्या जुलैत आला. खर्च १७ कोटी ५० लाख डॉलरच्या घरात, तोवरचा सगळ्यात महागडा. अमेरिकेत तिकिटांचे ९ कोटीही जमले नाहीत आणि वर्तमानपत्रांनी टिंगल केली ती वेगळीच. शो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉलिवूडच्या पार्कात उघडला. गोष्ट सिनेमा संपतो तिथून पुढची : नायिका हेलन कोरड्या जमिनीचा पुरावा घेऊन परत येते आणि पाठोपाठ गुंड. एवढं कळलं तरी पुरे, न कळलं तरी चालतं. गंजक्या पत्र्यांचा तळ, मधे पाणी, त्यात घोंघावणाऱ्या जेट-स्की, आणि शेवटाकडे भिंतीवरून एक आख्खं समुद्री विमान येऊन प्रेक्षकांच्या पुढ्यातल्या पाण्यात आदळतं. पुढच्या रांगांतली माणसं भिजायला म्हणूनच तिथे बसतात. सिनेमाचं नाव आज फारसं कुणी काढत नाही. शो मात्र ओसाका, सिंगापूर, बीजिंगपर्यंत गेला.

दुसरी वाट म्हणजे जुन्याच सांगाड्यावर नवा सिनेमा चढवायचा. कॅलिफोर्नियात डिस्नेने २०१७च्या जानेवारीत ‘टॉवर ऑफ टेरर’ ही लिफ्टची राइड बंद केली आणि मे महिन्यात त्याच मनोऱ्यात ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ सुरू केलं, दुसरा भाग थिएटरात असतानाच. लिफ्टची मूळ यंत्रणा तशीच, म्हणून पाच महिन्यांच्या आत जमलं. फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये नॉर्वेच्या बोटींच्या राइडमध्ये ‘फ्रोझन’ बसवला, त्यालाही दीड वर्षाहून जास्त लागलं. सिम्युलेटर आणखी सोपा : खुर्च्या त्याच, पडदा तोच, चित्रफीत बदलायची. बदल सोपा असल्यामुळेच बहुतेक सिम्युलेटर मला एकसारखे वाटतात, पण ते असो. ‘मिस्टर इंडिया’ही याच जातीची. नवं पार्क काढणाऱ्याला त्यातला खलनायक मोगॅम्बो सगळ्यांना माहीत आहे, आजोबांनाही आणि नातवालाही, एवढी खात्री मिळत असेल तर तो पुढच्या दिवाळीच्या अज्ञात हिटवर पैसा का लावेल?

पैसा लावायचं थोडक्यात टळलं, त्याचीही एक गोष्ट आहे. डिस्नेलँडमध्ये प्रवाशांना फिरवणाऱ्या पाणबुड्या १९९८ साली बंद झाल्या. २००१मध्ये येणाऱ्या ‘अटलांटिस’ या ॲनिमेशनपटाची सजावट त्यांना करायची, असं घाटत होतं. सिनेमाने अपेक्षाभंग केला, बेत बारगळला, आणि पाणबुड्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहिल्या. २००३मध्ये ‘फाइंडिंग नीमो’ आला, धो-धो चालला, आणि त्यानंतरही चार वर्षांनी, जून २००७मध्ये, त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. सांगाडे १९५९चेच, फक्त डिझेल इंजिनं काढून विजेवर चालवलेल्या. बसायची जागाही तशीच अरुंद, गुडघे भिंतीला टेकवून खिडकीतून डोकवायचं. बाहेर नीमोच्या नावाने ओरडणारी पोरं मात्र २००३नंतर जन्मलेली.