बाबा की मामा?

दुभंगलेल्या ओठाच्या बाळावर शस्त्रक्रिया झाली की आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापता येतात. फाटलेल्या टाळूची तशी सोय नाही, कारण टाळू दिसत नाही, तो ऐकावा लागतो. म्हणूनच टाळूच्या शस्त्रक्रियेचे यश भोक बुजले का यावर न मोजता मूल पुढे कसे बोलते यावर मोजायला हवे. हे गणित आपल्या वर्णमालेत मांडलेलेच आहे. प्रत्येक वर्गातल्या पहिल्या चार अक्षरांना नाकाची वाट बंद लागते, पाचव्याला उघडी. ती वाट उघडझाप करणारे दार म्हणजे पडजीभ ज्याच्या टोकाला लोंबते तो मऊ टाळू. ते नीट लागले नाही तर ‘ब’चा ‘म’ होतो. मूल ‘बाबा’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येते. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला हे वेगळे सांगायला नको: कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे खांब कितीही भक्कम असोत, बर्गे नीट बसले नाहीत तर पाणी अडत नाही.

शल्यविशारदांना हे उमगायला शतकाहून अधिक काळ लागला. १८१९ साली पॅरिसमध्ये फिलिबेर रू यांनी जॉन स्टीफन्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा मऊ टाळू शिवला, तेव्हा भुलीचा शोधही लागलेला नव्हता. तोंड उघडे ठेवून निश्चल बसणाऱ्या त्या तरुणाचे धैर्य डॉक्टरच्या कौशल्याइतकेच मोठे! पुढे १८६१ मध्ये बर्लिनच्या लांगेनबेक यांनी कडक टाळूवरचे आवरण हाडाच्या पापुद्र्यासकट सोडवून मध्यभागी जोडले आणि भोक खात्रीने बुजू लागले. तरी बरीच मुले नाकातच बोलत राहिली. कारण स्नायूत होते. निरोगी टाळूत दोन्ही बाजूंचे स्नायू मध्ये भेटून झोळी करतात आणि टाळू वर, मागे उचलतात. फाटलेल्या टाळूत ते भेटतच नाहीत. पुढे जाऊन हाडाच्या कडेला चिकटतात. वरून आवरण शिवले तरी झोळीचे दोर चुकीच्या खुंटीला बांधलेलेच राहतात. ते सोडवून आडवे जोडण्यावर क्रीन्स यांनी १९६९ मध्ये भर दिला. फर्लो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत तर फारच देखणी. तोंडाकडून झेड आकाराचा छेद आणि नाकाकडून त्याच्या उलट दुसरा, त्यामुळे स्नायू एकमेकांवर आडवे येतात आणि टाळूची लांबीही वाढते. ठिगळ न लावता कापड लांब करणारा शिंपीच म्हणायचा!

लवकर शिवले तर वरच्या जबड्याची वाढ खुंटते, हा आक्षेप निराधार नाही. कडक टाळूवरचे व्रण ती रोखू शकतात. पण बोलणे थांबून राहत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५५८ बाळांच्या चाचणीत सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८.९ टक्के, तर बाराव्या महिन्यात झालेल्यांपैकी १५ टक्के मुलांचे हे दार पाचव्या वर्षी अपुरे लागत होते. अर्थात ती बाळे अन्यथा निरोगी होती. वजन, रक्त आणि भूल देण्याची सोय पाहिल्याशिवाय घाई करणे हा त्या निष्कर्षाचा गैरवापर ठरेल. खेड्यातल्या बाळाची शस्त्रक्रिया मोफत होते हेच पुष्कळ नाही का, असेही कोणी म्हणेल. पुष्कळ आहेच. पण शस्त्रक्रियेने दार मिळते. घशातून आवाज काढण्याची जडलेली सवय वाचा-उपचारानेच सुटते, आणि कधी दुसऱ्यांदा टाळू दुरुस्त करावा लागतो. ते कळायला कोणालातरी ऐकावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. टाळू शिवलेल्या मुलाला तिथेच ‘बाबा’, ‘पपई’, ‘काका’ म्हणायला लावून ऐकायला दोन मिनिटे पुरतात.