जांभळीची रोपं आणि झुबक्यांचं गणित

पाऊस स्थिरावला की कर्नाळ्याच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या जांभळीखाली रोपांची दाटी होते. पनवेलच्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. एकेका रोपाची जागा टेपने मोजून मुलं कागदावर ठिपका मांडतात. ठिपके सारखे पसरत नाहीत, झुबक्यांनी येतात.

अशा झुबक्यांचं गणित जेर्झी नेमन यांनी 1939 साली मांडलं ते शेतातल्या अळ्यांवरून. अंडी एका जागी घातलेली, म्हणून अळ्याही घोळक्याने सापडतात. पुढे 1952 मध्ये एलिझाबेथ स्कॉट यांच्यासह त्यांनी तोच विचार आकाशगंगांना लावला. साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे लंडनला याच नेमन यांच्याकडे शिकले, हे मी वर्गात आवर्जून सांगते.

या गणिताच्या मॉडेलला तीन आकडे लागतात: मोठी झाडं किती दाट, झाडामागे रोपं किती आणि ती बुंध्यापासून किती लांब. प्रत्येक रोपाला ठरावीक अंतरात सरासरी किती शेजारी आहेत हे संगणक मोजतो आणि मॉडेलचे शेजारी त्यांच्याशी जुळेपर्यंत आकडे बदलत राहतो.

मग कुणाला तरी ओढा आठवतो. जांभळीला ओल मानवते, तेव्हा ओढ्यापासूनचं अंतरही मॉडेलमध्ये हवं. "मॅडम, तेवढंच वर जोडू, बाकीचे आकडे काढलेले आहेतच की!" हा मोह मला धोक्याचा वाटतो. ते आकडे ओढा हिशेबात नसताना काढलेले. ओलीमुळे झालेली गर्दीही त्यांनी झाडाच्या खात्यावर टाकलेली असते. सगळं नव्याने बसवलं की बुंध्यापासूनचा पसारा बहुधा आखूड निघतो. जुनाच आकडा ठेवला, तर बी खरोखर पडतं त्याहून दूर पडतं असं आपण मानून बसू. एड्रियन बॅडली आणि रॉल्फ टर्नर यांच्या 'स्पॅटस्टॅट' या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बदलण्याची आज्ञा दिली की झुबक्यांचे आकडेही पुन्हा काढले जातात, ते यासाठीच.

उलटी चूकही होते. झुबके विसरून ओढ्याचा परिणाम काढला तर तो आहे त्याहून खात्रीचा वाटतो. एका झाडाखालची रोपं म्हणजे एकाच घरातले साक्षीदार, त्यांना सुटं मोजता येत नाही. जांभळीच्या तर एकाच बीतून कधी कधी दोन-तीन रोपं उगवतात!

तरीही झुबका झाडाचा की ओलीचा, हे एकाच नकाशावरून दर वेळी सुटत नाही. म्हणून मी मुलांना ओढ्यापासून दूर, कोरड्या उतारावरच्या जांभळीखालचाही तुकडा मोजायला लावते.