दुखत नाही म्हणून राहिलेली गाठ

शुक्रवार पेठेत काय किंवा सोलापुरातल्या दुसऱ्या कुठल्या पेठेत काय, मानेला गाठ हाताला लागली की घरात पहिला प्रश्न येतो, "दुखतंय का?" नाही म्हटलं की विषय मिटला. "गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग दाखवू." ठणकणाऱ्या गाठीला मात्र त्याच संध्याकाळी दवाखाना मिळतो. डॉक्टरांचा हिशेब बरेचदा उलटा असतो. ठणका बहुधा ताज्या जंतुसंसर्गाचा असतो आणि तो काही दिवसांत ओसरतो. न दुखणारी गाठ साधी चरबीची असू शकते, क्षयाची असू शकते आणि कर्करोगाचीही. नुसत्या न दुखण्यावरून या तिन्ही वेगळ्या काढता येत नाहीत.

आधी मानेत असतं काय, ते पाहू. पायाला ठेच लागून जखम पिकली की जांघेत अवधाण येतं. ते जिथं येतं त्या लसिका ग्रंथी सगळ्या अंगभर असतात आणि त्यांतल्या सुमारे ३०० एकट्या मानेत आहेत. दात, हिरड्या, घसा, कान, डोक्याची कातडी, यांपैकी कुठंही बिघडलं तरी जवळची ग्रंथी फुगते. डोक्यात उवा होऊन खाजवून फोड आले तर मुलीच्या मानेमागं वाटाण्याएवढ्या गाठी लागतात. किडलेल्या दाढेची गाठ जबड्याखाली येते. मूळ दुखणं बरं झालं तरी लहान मुलांत अशी बारीक, सरकणारी गाठ कित्येक महिने हाताला लागत राहते. पोर खेळतंय, जेवतंय, गाठ वाढत नाही, तर एकदा डॉक्टरांना दाखवून निर्धास्त राहावं.

मोठ्या माणसाची गाठ पाहताना डॉक्टर आधी जागा बघतात. गळ्याच्या पुढच्या भागात असेल तर हातात पाण्याचा पेला देऊन घोट घ्यायला सांगतात. घोटाबरोबर गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची. जीभ बाहेर काढल्यावरही वर सरकली, तर जन्मापासून राहून गेलेल्या नळीतली पाण्याची गाठ असण्याचा संभव जास्त. थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण रक्ततपासणी आणि सोनोग्राफी केल्याशिवाय तसं म्हणू नये. कातडीखाली मऊ, बोटाखालून निसटणारी गाठ चरबीची असते आणि वर काळा ठिपका दिसला तर तेलग्रंथीची. विशी-तिशीतल्या माणसाच्या मानेच्या बाजूला सर्दीनंतर अचानक फुगलेली मऊ गाठही काही वेळा जन्मजातच निघते. नाडीसारखी उडणारी गाठ चोळू नये, कुणाला चोळूही देऊ नये. तिचा संबंध रक्तवाहिनीशी असू शकतो.

एका जागेबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. गळपट्टीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो तिथली गाठ कोणत्याही वयात गंभीरपणे घ्यावी. डाव्या खळग्यातली गाठ कधी कधी पोटातल्या कर्करोगाची पहिली खूण ठरते. रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिलं आणि त्या गाठीला आजही त्यांचंच नाव आहे.

आपल्याकडे मानेच्या बाजूची न दुखणारी गाठ म्हटली की क्षयाचा विचार आधी करावा लागतो. आयुर्वेदातली गंडमाळा ती बहुधा हीच. सुरुवातीला एखादी रबरासारखी ग्रंथी, मग शेजारच्या दोन-तीन एकमेकींना चिकटून गोळा, मग आत पू. गंमत म्हणजे हा पू गरम नसतो, वरची कातडी लाल होत नाही, म्हणून तो पू आहे हे घरच्यांना कळतच नाही. पुढं तो फुटून महिनोन्महिने वाहतो. खोकला नसला तरी मानेचा क्षय असू शकतो. फक्त मानेत असेल तर तो जेवणातून, कपबशीतून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळं सुनेचं ताट वेगळं मांडायचं काही कारण नाही. छातीचा एक्स-रे मात्र काढतात, कारण फुप्फुसातही असेल तर गोष्ट वेगळी.

औषध साधारण सहा महिने चालतं आणि सरकारी केंद्रात ते मोफत मिळतं. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर दरमहा ५०० रुपये येत असत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. उपचार चालू असताना काहींची गाठ आधी मोठी होते, नवीही येते. अशा वेळी माणसं "औषध लागू पडेना" म्हणून गोळ्या सोडतात. तसं करू नये, डॉक्टरांना दाखवावं. लघवी केशरी झाली तर घाबरायचं कारण नाही, तो गोळीचा रंग आहे.

दुसरा विचार तंबाखूचा. मिशरी, गुटखा, चुना-तंबाखू, विडी यांची सवय असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेत दगडासारखी कडक, हलत नसलेली, वाढती गाठ आली, तर मूळ रोग तोंडात किंवा घशात असण्याची शक्यता मोठी. तोंडातला व्रण दुखत नाही म्हणून कुणी पाहिलेला नसतो. तोंड कमी उघडणं, आवाज बसणं, गिळताना अडकणं, एकाच कानात दुखणं, ही सोबतची लक्षणं. एकाच वेळी मान, काख आणि जांघेत रबरासारख्या गाठी, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि उतरलेलं वजन, हे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात दिसतं. तेच क्षयातही दिसतं, म्हणून तपासणीला पर्याय नाही.

ती तपासणी म्हणजे गाठीतलं पाणी काढणं. इंजेक्शनच्या सुईसारख्या बारीक सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी ओढतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मुंगी चावल्याएवढं दुखतं. पू आला तर त्यातच क्षयाचे जंतू आणि त्यांच्यावर औषध चालतं का, हेही पाहता येतं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती पेठेपेठेत आहे आणि ती खोटी आहे. उशीर मात्र खरोखर नुकसान करतो. आधी तोंड-घसा न तपासता, सुई न लावता गाठ कापून काढायची घाई कुणी केली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. तसंच बिब्बा, डाग, चुन्याचा लेप यांनी कातडी भाजते आणि आतला रोग जागेवरच राहतो. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेणंही वाईट, काही औषधांनी क्षय तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

गाठ पहिल्यांदा लागली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत ती गेली नाही, किंवा त्याआधीच वाढू लागली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा सर्जन गाठा. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेल्या सिव्हिलमध्ये यातल्या तपासण्या होतात. डॉक्टरांनी मिशरी-तंबाखूबद्दल विचारलं, तर सासू शेजारी बसलेली असली तरी खरं सांगा.