प्रलंबित नोंदी आणि स्पष्ट नकार

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशा मुक्तस्रोत प्रकल्पांमध्ये, आढळलेल्या प्रत्येक दोषाची, सूचनेची आणि मागणीची नोंद सर्वांना दिसेल अशा सामायिक यादीत ठेवण्याचा प्रघात आहे. अशा नोंदीला सामान्यतः ‘इश्यू’ आणि ती दोषासंबंधी असल्यास ‘बग’ म्हणतात. नोंद करणारा बहुधा साधा वापरकर्ता असतो, तर तिचा निपटारा ज्यांनी करायचा ते ‘मेंटेनर’, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारे लोक, पुष्कळदा नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम विनावेतन करतात. नोंद लिहायला पाच-दहा मिनिटे पुरतात. मात्र ती समजून घेणे, तोच दोष आपल्या संगणकावर घडवून पाहणे, त्याचे कारण शोधणे आणि दुरुस्तीमुळे दुसरे काही बिघडले नाही याची खात्री करणे यांत कित्येक दिवस जाऊ शकतात. या विषमतेमुळे प्रकल्प जितका लोकप्रिय तितकी त्याची यादी लांबत जाते, आणि म्हणूनच लांब यादीवरून सॉफ्टवेअर निकृष्ट असल्याचा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या नोंदी एकाच जातीच्या नसतात. काहींतील दोष दुसऱ्याच एखाद्या बदलाच्या ओघात नाहीसा झालेला असतो, पण नोंद बंद करण्याचे कोणाच्या ध्यानात आलेले नसते. काही नोंदी दुबार असतात, काहींत तपशील इतका तोकडा असतो की दोष पुन्हा घडवून पाहणेच अशक्य होते, तर काही मुळात तक्रारी नसून आकांक्षा असतात. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या यादीतील पहिली नोंद तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ऑगस्ट २००४ मध्ये केली, आणि तीत ‘दोष’ म्हणून दाखवला होता तो व्यक्तिगत संगणकांच्या बाजारातील मायक्रोसॉफ्टचा बहुसंख्य वाटा. मे २०१३ मध्ये शटलवर्थ यांनीच ती बंद केली. फोन आणि टॅब्लेट यांच्यामुळे बाजाराचे स्वरूपच पालटले होते आणि त्या बदलात उबुंटूपेक्षा अँड्रॉइडचा हात कितीतरी मोठा होता. याउलट फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये, दुसऱ्या खिडकीत गेल्यावरही माहितीची छोटी चौकट पडद्यावर तशीच तरंगत राहण्याचा दोष २००२ मध्ये नोंदवला गेला होता आणि तो दुरुस्त व्हायला २०२३ साल उजाडले. पहिली नोंद काळाने मिटवली आणि दुसरी माणसाने. यादीकडे नुसते पाहून मात्र कोणती नोंद कोणत्या वाटेने जाणार हे ओळखता येत नाही, आणि जुन्या नोंदींच्या व्यवस्थापनातली सगळी अडचण याच ठिकाणी आहे.

ही ओळख पटवण्याच्या कामाला ‘ट्रायज’ म्हणतात. युद्धक्षेत्रातील वैद्यकातून आलेल्या या संज्ञेचा अर्थ, कोणाला उपचार आधी द्यावेत हे ठरवण्यासाठी केलेली निवड असा आहे. ट्रायज करणारा दुरुस्ती करत नाही. नोंद वाचून तिला तीव्रतेचे आणि प्रकाराचे लेबल लावणे, दुबार नोंदी एकमेकींशी जोडणे आणि अपुरी माहिती असल्यास ती मागून घेणे एवढेच त्याचे काम असते, आणि त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्यापेक्षा सॉफ्टवेअर नीट वापरता येणे अधिक उपयोगी पडते. नाकारलेल्या नोंदीचे काय करायचे, याबाबत दोन जुन्या प्रकल्पांनी वेगळे मार्ग धरलेले दिसतात. मोझिला प्रकल्पासाठी १९९८ मध्ये तयार झालेल्या बगझिला या नोंदव्यवस्थेत ‘दुरुस्त करणार नाही’ हा अंतिम निकाल असतो आणि तो दिला की नोंद बंद होते. डेबियन या प्रणालीत मात्र तेच शब्द केवळ लेबल म्हणून लावले जातात आणि नोंद उघडीच राहते, कारण दोष खरा आहे हे मान्य असते. अमान्य असते ते फक्त दुरुस्तीचे काम. आपल्या दोषांची संपूर्ण यादी सदैव सार्वजनिक ठेवण्याचे वचन डेबियनने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात दिले आहे आणि हा मार्ग त्या वचनाला साजेसाच आहे. यादी त्यामुळे फुगते हे खरे. पण तोच दोष पुन्हा आढळणाऱ्याला आपण पहिले नाही हे कळते आणि नकारामागचे कारणही वाचायला मिळते.

पुष्कळ प्रकल्पांनी अलीकडे हे काम घड्याळावर सोपवले आहे. गिटहब या व्यासपीठावर त्यासाठी मिळणारा ‘स्टेल’ नावाचा बॉट, म्हणजे स्वयंचलित कार्यक्रम, मुद्दाम वेगळी मुदत दिली नसेल तर ६० दिवस हालचाल न झालेल्या नोंदीवर शिळेपणाचे लेबल लावतो आणि आणखी ७ दिवसांत ती बंद करतो. कुबरनेटीस प्रकल्पात नोंद ९० दिवसांनी शिळी, पुढे ३० दिवसांनी कुजलेली ठरते आणि आणखी ३० दिवसांनी बंद होते, मात्र महत्त्वाची नोंद ‘गोठवून’ या चक्रातून वगळण्याची सोय आहे. फेडोरा या लिनक्स प्रणालीची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते, आणि तिची मुदत सरली की तिच्यासंबंधीच्या उरलेल्या नोंदी पूर्वसूचना देऊन बंद होतात. येथे निदान कारण तरी प्रामाणिक आहे, कारण ती आवृत्ती पुढे कोणी दुरुस्त करणारच नसते. निव्वळ घड्याळाला असे कारण नसते. नोंद करणाऱ्याने सर्व तपशील दिला, मेंटेनरने उत्तर दिले नाही, आणि या मौनाचा दोष शेवटी नोंदीच्याच माथी मारला गेला, असे या प्रकाराचे स्वरूप होते. बॉटच्या सूचनेखाली दर तीन महिन्यांनी ‘दोष अजून आहे’ एवढेच लिहून नोंद जिवंत ठेवणारे लोक अशा याद्यांमध्ये सर्रास दिसतात, आणि त्यातून कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. मोझिलाच्या आरंभीच्या शिल्पकारांपैकी जेमी झविन्स्की यांनी २००३ मध्येच ग्नोम प्रकल्पाच्या अशा रीतीवर कडक टीका केली होती. नवी आवृत्ती आली की जुन्या नोंदी न तपासता बंद करायच्या आणि तेच दोष नव्याने नोंदवायला लावायचे, हा त्यांचा आक्षेप होता.

नोंदीचा निर्णय मतांवर सोपवण्याचा मार्गही आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या मुक्तस्रोत संपादकाच्या प्रकल्पात नव्या सोयीच्या मागणीला ६० दिवसांत २० जणांची पसंती मिळाली नाही तर ती बंद होते. हा नियम आधी जाहीर केलेला असल्याने तो घड्याळापेक्षा बरा आहे, परंतु मते मोजली की थोड्यांची गरज मागे पडते. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांतील र चे मराठीतील खास रूप एखाद्या संपादकात नीट उमटत नसेल, तर त्यासाठी परक्या भाषेतल्या यादीत जाऊन मत नोंदवणारे वीस मराठी वापरकर्ते साठ दिवसांत जमतीलच असे नाही.

तरीही सारा दोष मेंटेनरच्या पदरी टाकता येत नाही. इंटरनेटवरील सुरक्षित संपर्काचा आधार असलेल्या ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. ती त्या प्रकल्पाच्या यादीत पडून होती असे नव्हे, पण त्यानंतर त्या चमूने जून २०१४ मध्ये आपल्या उणिवांची जी जाहीर कबुली दिली, तीत वर्षानुवर्षे साचलेल्या नोंदी ठळकपणे मांडलेल्या होत्या. अवघे जग वापरत असलेले ते सॉफ्टवेअर मोजकीच माणसे सांभाळत होती. एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनाची कथा याहून गंभीर आहे. त्याच्या एकट्या मेंटेनरवर २०२२ मध्ये संशयास्पद खात्यांवरून कामाच्या दिरंगाईबद्दल सतत दडपण आणले गेले, त्यातून एका नव्या सहकाऱ्याच्या हाती अधिकार गेले, आणि मार्च २०२४ मध्ये त्या सहकाऱ्याने घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. प्रलंबित कामाबद्दलची लाज हेच येथे हल्ल्याचे हत्यार झाले होते. ज्या मेंटेनरला ‘हे मला जमणार नाही’ असे उघड सांगता येते, त्याच्यावर हे हत्यार कमी चालते. म्हणून स्पष्ट नकार हा वापरकर्त्याइतकाच मेंटेनरच्याही हिताचा आहे.

असा नकार निःसंकोचपणे देण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डोनाल्ड क्नुथ यांचे आहे. त्यांच्या टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नव्या सोयींची भर पडणार नाही, असे त्यांनी १९९० मध्येच जाहीर केले. दोषांच्या तक्रारी इतर जाणकार आधी गाळून साठवतात आणि क्नुथ काही वर्षांच्या अंतराने त्या एकदम हाती घेतात. दोष खरा ठरल्यास शोधणाऱ्याला ३२७ डॉलर ६८ सेंटचे बक्षीस दिले जाते, आणि ही विचित्र रक्कम दोनाच्या पंधराव्या घाताइतक्या सेंटची आहे. अशी फेरतपासणी २०१४ मध्ये आणि २०२१ मध्ये झाली असून पुढची २०२९ साठी ठरलेली आहे. दर दुरुस्तीबरोबर टेक्‌चा आवृत्तीक्रमांक पाय या गणिती संख्येच्या एकेका अंकाने तिच्या जवळ सरकतो. क्नुथ यांच्या मृत्यूनंतर तो कायमचा पाय करावा आणि तेव्हा उरलेले सर्व दोष हे टेक्‌चे गुणधर्म समजावेत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.