हिवऱ्याची औषधी बाग

आणे पठारावरून आळेफाट्याकडे उतरणाऱ्या प्रवाशास हे ठाऊक नसते, की याच जुन्नर तालुक्यातील हिवरे या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मुंबई इलाख्यातील सरकारी इस्पितळांना लागणाऱ्या औषधी वनस्पतींची लागवड कंपनी सरकारच्या खर्चाने होत असे. या उद्योगाचा प्रवर्तक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश शल्यवैद्य. आधी दख्खन व खानदेश प्रांतांत देवी टोचण्याचे काम केलेला, आणि 1838 पासून पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी उद्यानाचा अधीक्षक.

विलायतेहून येणारे औषध समुद्रप्रवासात निःसत्त्व होई आणि महागही पडे. म्हणून खुरासानी ओव्यासारखी वनस्पती इथल्याच मातीत वाढवून तिचा अर्क इथेच काढावा, हा विचार मला अत्यंत दूरदर्शी वाटतो. फुलोऱ्यावर आलेल्या झाडाची हिरवी पाने कुटावीत, रस गाळावा आणि तो मंद उष्णतेवर दाट होईतो आटवावा, ही त्या काळची अर्क काढण्याची रीत. आच वाढली की गुण गेला. पेटके व निद्रानाश यांवर हा अर्क रामबाण मानीत, परंतु मात्रा वाढल्यास तो विषच होय.

पुढे 1847 साली गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला अरण्यसंरक्षक झाला.