विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर वैमानिक काय करतात?

बंगळुरू : कोचीला जाण्यासाठी १८ मे २०२४ रोजी रात्री बंगळुरूहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान एका इंजिनाला आग लागल्याच्या संशयावरून केम्पेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर परतले. रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी ते उतरले आणि सर्व १७९ प्रवासी व सहा कर्मचारी विमानातून बाहेर पडले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९ मे २०२२ रोजी, मुंबईहून बंगळुरूकडे झेपावलेल्या एअर इंडियाच्या ए-३२० निओ विमानाचे एक इंजिन हवेतच बंद करावे लागले होते. उड्डाणानंतर २७ मिनिटांनी ते मुंबईत सुखरूप परतले.

अशा प्रसंगी खरा धोका बंद पडलेल्या इंजिनापेक्षा घाईत घेतलेल्या निर्णयाचा असतो. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकते, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. उड्डाण करताना एक इंजिन गेले, तरी चाके आत घेतल्यानंतर प्रत्येक १०० मीटर अंतरामागे किमान २.४ मीटर उंची गाठण्याची क्षमता त्यात असावी लागते.

उड्डाणापूर्वीच वैमानिक निर्णायक वेग निश्चित करतात. त्या वेगाच्या आत इंजिन बिघडले, तर विमान धावपट्टीवरच थांबविले जाते. तो वेग ओलांडल्यावर उरलेल्या धावपट्टीत थांबण्याची खात्री नसते. म्हणून उड्डाण पूर्ण करणेच सुरक्षित ठरते. विमानाचे वजन, तापमान, वारा आणि विमानतळाची उंची यांनुसार ही आकडेमोड प्रत्येक वेळी नव्याने होते. बंगळुरूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत इंजिनांची ताकद काहीशी घटते आणि विमानाला अधिक धाव घ्यावी लागते. येथील दोन्ही धावपट्ट्या प्रत्येकी ४,००० मीटर लांबीच्या असणे, ही त्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

हवेत असताना एक इंजिन गेले, की विमानाचे नाक त्या इंजिनाच्या बाजूला वळू लागते. वैमानिक पायाने विरुद्ध बाजूचे पेडल दाबून दिशा सरळ राखतो. त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे : आधी विमान सांभाळायचे, मग मार्ग ठरवायचा आणि त्यानंतर नियंत्रण कक्षाशी बोलायचे. उड्डाणानंतर साधारणतः किमान ४०० फूट उंची गाठेपर्यंत इंजिनाच्या कळींना हात लावला जात नाही. त्यानंतर एक वैमानिक नेमक्या कळीवर हात ठेवतो, दुसरा ती योग्य असल्याची खात्री करून होकार देतो आणि मगच इंधन तोडले जाते. आग असल्यास अग्निशामक द्रव्य सोडले जाते. संकट गंभीर असेल, तर ‘मेडे’ आणि तुलनेने कमी गंभीर असेल, तर ‘पॅन-पॅन’ हा संकेत तीनदा उच्चारला जातो.

परस्परांच्या या होकाराचे मोल दोन अपघातांनी दाखवून दिले. ब्रिटनमधील केगवर्थ येथे ८ जानेवारी १९८९ रोजी बोइंग ७३७ विमानाचे डावे इंजिन बिघडले असताना उजवे बंद केले गेले. त्यात ४७ जणांचा मृत्यू झाला. तैपेई येथे ४ फेब्रुवारी २०१५ रोजी एटीआर विमानाबाबत अशीच चूक झाली आणि ४३ जण प्राणास मुकले.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेशी एका इंजिनाच्या बिघाडाची तुलना करता येणार नाही. प्राथमिक तपास अहवालानुसार तेथे दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा एका सेकंदाच्या अंतराने खंडित झाला होता.

विमान लगेच न उतरता घिरट्या का घालते, असा प्रश्न प्रवाशांना पडतो. या वेळेत वैमानिक कार्यसूची तपासतात, धावपट्टी निवडतात आणि केबिन कर्मचाऱ्यांना सूचना देतात. विमानाचे वजन हाही मुद्दा असतो. ए-३२० निओ कमाल ७९ टन वजनासह झेपावू शकते. उतरतानाची मर्यादा मात्र सुमारे ६७ टन आहे. आग विझत नसेल, तर हे सारे बाजूला ठेवून अधिक वजनासह तातडीने उतरले जाते.

वैमानिकांना दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये अशा प्रसंगांची परीक्षा द्यावी लागते. प्रवाशांची परीक्षा विमान थांबल्यावर असते. निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर पडता येईल, अशी विमानाची रचना तपासलेली असते. मात्र त्या चाचणीत कोणी डोक्यावरच्या कप्प्यातून बॅग काढण्यासाठी थांबत नाही. म्हणूनच आदेश मिळताच सामान जागीच सोडून बाहेर पडणे, हा सुरक्षिततेतील प्रवाशांचा वाटा आहे.