शालान्त वर्ष आणि वडिलांची बदली

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील वडीलधारी माणसे प्रथम जागेचा, सामानाचा आणि आजी-आजोबांच्या औषधपाण्याचा विचार करतात. मुलांच्या शाळेचा प्रश्न 'शाळा काय, तेथेही असतीलच' एवढ्या वाक्यात निकालात निघतो. मूल पाचवी-सहावीत असेल तर हे बहुधा खरे ठरते. ते दहावीत किंवा बारावीत असेल तर मात्र तसे होत नाही.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या दहावीच्या वर्गात परराज्यातून एक मुलगा आला. तो कधी हात वर करीत नसे. पहिल्याच चाचणीत तो गणितात नापास झाला. मी त्याला मंद समजलो, आणि तसे चारचौघांत बोलूनही दाखविले. पुढे त्याच्या जुन्या वह्या चाळल्या तेव्हा उमगले, की ज्या प्रकरणांवर मी चाचणी घेतली ती त्याच्या शाळेत सुरूच झाली नव्हती. आणि जी त्याला उत्तम येत होती ती माझ्या वर्गात दिवाळीनंतर यावयाची होती. चूक माझी होती.

या घोटाळ्याचे मूळ असे की, शालान्त परीक्षा शाळेची नसते, मंडळाची असते. प्रत्येक राज्याचे मंडळ निराळे, पुस्तके निराळी, वर्षारंभही निराळा. गोव्यात 2025 साली सहावी ते दहावीचे वर्ष एप्रिलात सुरू करण्यात आले. अशा ठिकाणी जूनमध्ये जाणाऱ्या मुलाचा मागील अभ्यास बुडालेलाच असतो. कोल्हापूर आणि बेळगाव जवळजवळची शहरे. पण मध्ये राज्याची सीमा असल्याने बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलालाही कानडीशी गाठ घालावी लागते. केंद्रीय मंडळात नववी-दहावी मिळून एक आणि अकरावी-बारावी मिळून एक असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मानतात. म्हणून दहावीत वा बारावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. पालकांची बदली हे कारण मंडळापुढे कागदोपत्री मांडून परवानगी मिळवावी लागते. बदलीच्या नोकरीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांची हीच अडचण ओळखून 1963 पासून केंद्रीय विद्यालये उघडण्यात आली. गाव बदलले तरी तेथे मंडळ तेच राहते.

मग पालकांनी काय करावे? पहिला मार्ग, बदली पुढे ढकलता येते का ते पाहणे. परीक्षेच्या कारणास्तव मार्चअखेर मुदत मागण्यात संकोच नसावा. दुसरा, आईने किंवा आजीने मुलाबरोबर मागे राहणे. यात दोन चुलींचा खर्च आहे, पण तो एका वर्षापुरता आहे. मुलाला एकट्याला वसतिगृहात वा नातलगांकडे ठेवण्यापूर्वी मात्र दहादा विचार करावा. तिसरा, सर्वांनी जाणे. तसे ठरले तर वर्ष सुरू होण्यापूर्वीच जावे. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मागील गुणपत्रके, मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि बदलीच्या हुकुमाची प्रत, यांपैकी काय काय लागेल ते नव्या शाळेस आधीच विचारून घ्यावे. जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. परीक्षा कोठून दिली यावर पुढील प्रवेशही अवलंबून असतो. महाराष्ट्रात वैद्यकीय शाखेच्या राज्याच्या जागांसाठी सामान्यतः दहावी आणि बारावी दोन्ही त्याच राज्यातून उत्तीर्ण व्हावी लागते. बदलीवरील सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत. आपण त्यांत बसतो की नाही हे सामान बांधण्यापूर्वी पाहावे.

शेवटी मुलाविषयी. पंधरा-सोळाव्या वर्षी मित्र सुटणे हे लहान दुःख नव्हे. निर्णय वडिलांचा असला तरी तो मुलाला शेवटी कळू नये. विचारविनिमयात त्यालाही बसवावे. आणि माझ्या शिक्षकबंधूंना विनंती अशी, की वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी त्याची वही उघडून पाहावी. माझ्या त्या विद्यार्थ्याला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला, तेव्हा मार्चमध्ये तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. तो अर्धा तास मी जुलैतच द्यावयास हवा होता.